तालुक्याच्या गावात व्यापारी-उद्योजकांची संघटना उभी करताना

बाजारपेठेत संघटना काढायची म्हटलं की आधी लेटरहेड छापलं जातं, मग अध्यक्षांचा सत्कार होतो, दिवाळीला स्नेहमेळावा होतो आणि पुढची तीन वर्षं कपाटात रबरी शिक्का तेवढा उरतो. त्या शिक्क्याच्या पुढे ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर गाव धरलं आहे ते असं: दीडशे-दोनशे दुकानं, वीस-पंचवीस छोटे कारखाने, एखादी एमआयडीसी किंवा सहकारी औद्योगिक वसाहत आणि आठवडे बाजार.

मोठ्या शहरांत ही परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली महाराष्ट्र चेंबर (ऑफ कॉमर्स, म्हणजे व्यापारी-उद्योजकांची संघटना) उभी राहिली, तर १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर. दोन्ही संस्था आजही चालू आहेत आणि दोन्हींना पगारी माणसांचं कार्यालय आहे. तालुक्याच्या गावात नेमकं हेच राहून जातं. सगळं काम मानद सचिवाच्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी चालतं, आणि सीझन आला की थांबतं.

आधी फेरी, मग बैठक

गावात किराणा-भुसार, कापड, सराफ, केमिस्ट अशा धंदेवार संघटना बहुधा असतातच. त्यांना बाजूला सारून नवी काढली तर पहिल्या दिवसापासून भांडण सुरू होतं. म्हणून आधी त्यांच्या अध्यक्षांना भेटा आणि स्पष्ट सांगा: धंद्याचे प्रश्न तुमच्याकडेच राहतील; रस्ता, वीज, बँक, कुशल माणसं, कचरा हे सगळ्यांचे प्रश्न नवी संघटना बघेल. नगरपरिषदेची निवडणूक सहा महिन्यांवर आली असेल तर थांबा. त्या काळात काढलेली संघटना कोणाच्या तरी पॅनेलची म्हणून ओळखली जाते, आणि तो डाग जात नाही.

मग बाजारपेठेत फेरी. दोघांनी मिळून दीडशे दुकानं करायला आठ-दहा दुपारी लागतात. वेळ दुपारी १ ते ४. आठवडे बाजाराच्या दिवशी आणि पगाराच्या आठवड्यात जाऊ नका. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एवढंच: धंदा कोणता, मालक कोण, फोन, कामाला माणसं किती, जीएसटी आहे का, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद) आहे का.

शेवटचा प्रश्न अडचणीचा, तो नीट विचारावा लागतो. “तुमची अडचण काय?” असं विचारलं की दहातले आठ जण “पार्किंग” म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, “गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी धंदा बुडाला, आणि कशाने?” मग खरी उत्तरं येतात. गुरुवारी तीन तास लाईट नव्हती आणि आईस्क्रीम गेलं. पुलावर ट्रक अडकला, माल संध्याकाळी आला. फिटर सोडून गेला, मशीन नऊ दिवस बंद. या उत्तरांची बेरीज केली की पहिल्या वर्षाचं काम आपोआप दिसतं.

पहिली बैठक

पंधरा ते वीस माणसं पुरेत. शंभर जणांना बोलावलं तर ती सभा होते आणि बोलणारे ठरलेले चार जणच बोलतात. जागा तटस्थ हवी: वाचनालय, मंगल कार्यालयाची वरची खोली, शाळेचा वर्ग. कोणाच्या गोदामात घेतली तर ती त्याची संघटना ठरते. वेळ रात्री ९, दुकानं वाढवल्यावर. विषय तीनच: फेरीत काय सापडलं, तात्पुरती समिती आणि वर्गणी. हार-तुरे नकोत. खर्चापेक्षा त्यात जाणारा पाऊण तास महागात पडतो.

तात्पुरती समिती अकरा जणांची करावी. तिच्यात बाजारपेठेतली दुकानं, वसाहतीतले कारखानदार, वाहतूकदार, हॉटेलवाले यांचा प्रत्येकी किमान एक माणूस हवा. पापड-मसाल्यापासून ब्यूटी पार्लरपर्यंत स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांना “महिला प्रतिनिधी” म्हणून कोपऱ्यात न बसवता खजिनदारी द्यावी. पै-पैचा हिशेब त्यांना नवा नाही.

राजकीय पदाचा मुद्दा त्याच रात्री मिटवा. सभासद कोणत्याही पक्षाचा असू द्या; मात्र पक्षाचं पद असलेला माणूस संघटनेचा पदाधिकारी नको, आणि हे नियमावलीतच लिहा. नंतर लिहू म्हटलं की कोणाचं तरी नाव समोर असतं आणि नियम त्या माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

इतिवृत्ताची वही पहिल्याच बैठकीपासून ठेवा. बांधीव वही, पानांना क्रमांक, हजर असलेल्यांच्या सह्या, ठराव, सूचक, अनुमोदक. सुटे कागद फाईलला लावायची सवय लागली की पुढे वाद झाला त्या दिवशी नेमका हवा तोच कागद सापडत नाही.

नोंदणी

पर्याय तीन. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, किंवा सहकारी संस्था. साध्या संघटनेला सोसायटी बरी. कलम ८ च्या कंपनीला दरवर्षी कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रं भरावी लागतात, आणि तो खर्च शंभर सभासदांच्या वर्गणीला जड जातो. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घ्यायची असेल तर सहकारी संस्थेचा विचार करावा, तोही वेगळी संस्था म्हणून.

सोसायटीला किमान सात संस्थापक सभासद लागतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होतं. कागद असे: विधानपत्र, नियमावली, सात जणांची संमतीपत्रं व ओळखपत्रं, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल. सोसायटीचं प्रमाणपत्र हातात पडलं की काम संपलं, असं बरेच जण समजतात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली परिशिष्ट दोनचा अर्ज द्यायचा असतो. त्यातून ‘एफ’ क्रमांक, म्हणजे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणीचा क्रमांक, मिळतो. तो नसेल तर बँका, सरकारी कार्यालयं आणि देणगीदार पुढे अडवतात.

नावात राष्ट्रीय, भारत, शासन असं काही सुचवणारे शब्द टाळा, अर्ज परत येतो. गावाचं किंवा तालुक्याचं नाव आणि ‘व्यापारी व उद्योजक संघ’, एवढं पुरे.

उद्देश लिहिताना घाई नको, कारण ते बदलणं सोपं नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आधी दहा दिवसांची लेखी सूचना, मग विशेष सभेत तीन-पंचमांश मतं आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश. त्यामुळे ‘बाजारपेठेचा विकास’ एवढंच लिहून थांबू नका. प्रशिक्षण, सामाईक सुविधा, प्रदर्शनं, शासनाकडे पाठपुरावा, आपत्तीत मदत हे सगळं पहिल्याच मसुद्यात येऊ द्या.

नियमावलीत ज्या गोष्टी सुटतात आणि नंतर कोर्टात जातात त्या ठरलेल्या आहेत. एका आस्थापनेला एकच मत, मग भागीदार किती का असेनात. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं आणि एकाच पदावर सलग दोनच वेळा. बँक खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या. गणपूर्ती किती, ती झाली नाही तर तहकूब सभा किती वेळाने. निवडणूक अधिकारी कोण नेमणार. मतदानाचा हक्क कोणत्या तारखेपर्यंत वर्गणी भरलेल्याला. ही शेवटची ओळ नसेल तर निवडणुकीच्या आदल्या रात्री कोणी तरी चाळीस जणांची वर्गणी एकदम भरतो.

आता सर्वांत मोठा खड्डा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, आणि अर्ज राहून जातो. दोन निवडणुका अशा गेल्या की परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर सहा वर्षांपूर्वीची नावं असतात. त्यातले दोघे वारलेले आणि एक गाव सोडून गेलेला. बँक उतारा मागते, उताऱ्यावरच्या सह्या मिळत नाहीत, खातं अडकतं. गटबाजी असेल तर दोन्ही गट आपापले बदल अर्ज टाकतात आणि निकाल लागेपर्यंत संघटना नावापुरती उरते. म्हणून निवडणुकीच्या सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, हजेरी आणि ठराव ही चार कागदपत्रं त्याच आठवड्यात वकिलाकडे द्या.

हिशेब ३१ मार्चला बंद करायचे आणि सनदी लेखापालाकडून तपासून लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत दाखल करायचा.

वर्गणीचं गणित

समजा १२० सभासद आणि वर्षाला १,२०० रुपये वर्गणी. जमा होतात १,४४,०००. अर्धवेळ लिपिकाला महिन्याला ८,००० दिले तर वर्षाचे ९६,००० गेले. उरले ४८,०००. त्यात लेखापाल, छपाई, फोन, जिल्ह्याच्या फेऱ्या आणि वार्षिक सभेचा चहा. बसतं, पण ओढाताण होते. तरीही लिपिक काढू नका. काढायचाच असेल तर स्नेहमेळावा काढा. रोज दोन तास बसणारा माणूस पत्रांच्या पोचा आणतो, फोन करतो, तारखा लक्षात ठेवतो; मानद सचिवाकडून ते होत नाही, त्याचं दुकान आहे.

वर्गणी वर्षाची एकदम, एप्रिलमध्ये, ऑनलाइन किंवा चेकने घ्यावी. महिन्याला शंभर रुपये गोळा करायला गेलात तर दिवाळीनंतर निम्मे सभासद ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतात. गणपती-शिवजयंतीची वर्गणी या खात्यातून अजिबात नको. तिची पावतीपुस्तकंच वेगळी हवीत, नाहीतर दोन्ही हिशेबांवरचा विश्वास एकदम जातो.

कराचं थोडक्यात: सभासदांकडून घेऊन सभासदांसाठीच खर्च झालेल्या वर्गणीवर पारस्परिकतेच्या तत्त्वाने आयकर लागत नाही, बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजावर मात्र लागतो. सेवांवरच्या जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. प्रदर्शनाचे स्टॉल विकायला लागलात की ती वाटते तितकी लांब राहत नाही.

पहिलं काम: लाईटची वही

पहिलं काम असं निवडा की ते मोजता येईल, त्यावर पैसे जवळजवळ लागणार नाहीत आणि चार महिन्यांत काही तरी हलेल. बाजारपेठेचं सुशोभीकरण, तालुक्याचा विकास आराखडा, गुंतवणूक परिषद ही तिसऱ्या वर्षाची कामं. वीज हा विषय बहुतेक गावांत चालतो, कारण तो दुकानदारालाही टोचतो आणि कारखानदारालाही.

पद्धत साधी आहे. प्रत्येक फीडरवरचे (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवरचे) दोन सभासद निवडा, एक सुरुवातीचा आणि एक टोकाचा. त्यांच्याकडे एकेक वही. नोंद अशी:

‘ता. १४, मंगळवार. एमआयडीसी फीडर. बंद ११.२०, सुरू ११.२६. पुन्हा बंद ११.४१, सुरू १२.५५. कारण: जंपर तुटला असं सांगितलं. नुकसान: मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये प्लॅस्टिक थिजलं, साफसफाई दोन तास, ९ किलो माल भंगारात.’

तीन महिन्यांनी या नोंदी एका तक्त्यात मांडा: फीडर, किती वेळा, एकूण किती मिनिटं, कोणत्या वेळात. बहुधा दिसतं असं की एकूण तास फार नसतात, पण पाच-सात मिनिटांचे झटके पुष्कळ असतात, आणि कारखान्याचं नुकसान त्या झटक्यांनीच होतं. “वारंवार वीजपुरवठा खंडित होतो” या वाक्याला कार्यकारी अभियंता “लक्ष घालू” असं उत्तर देतो. “अमुक फीडरवर तीन महिन्यांत ६१ वेळा, त्यातल्या ३८ वेळा दुपारी ३ ते ५ च्या दरम्यान” असं लिहिलं की त्याला फांद्यांची छाटणी, जंपर, इन्सुलेटर यांपैकी कशावर तरी बोट ठेवावंच लागतं.

तिथे सुटलं नाही तर वीज कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. दरवाढीचा प्रश्न मात्र या पायऱ्यांवर सुटत नाही. तो वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत लेखी हरकत घेऊन मांडायचा असतो. इचलकरंजीतून चालणारी महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना हे काम वर्षानुवर्षं करते आहे. आकड्यांची हरकत कशी लिहितात हे शिकायचं असेल तर तिचे अर्ज वाचावेत.

झूमच्या बैठकीत काय मांडावं

प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा उद्योग मित्र’ नावाची समिती असते; सगळे तिला झूम म्हणतात. (मोबाइलवरच्या झूमशी तिचा संबंध नाही, ही जुनी आहे.) जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक सदस्य-सचिव. एमआयडीसी, वीज कंपनी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्रणी बँक यांचे अधिकारी एकाच टेबलावर येतात. तालुक्याच्या संघटनेला एवढी सोयीची जागा दुसरी नाही, आणि वाया जाते तीही इथेच.

वाया जाते कारण उद्योजक उभा राहतो आणि सरकारी धोरणावर दहा मिनिटं बोलतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसलेली गोष्ट इतिवृत्तात ‘शासनास कळविण्यात यावे’ एवढ्यावर संपते. इथे न्यायचा विषय असा असावा: भूखंड क्रमांक अमुक ते अमुक यांच्या समोरचा रस्ता, लांबी ३४० मीटर, पावसाळी गटार नाही, पाणी तळघरात येतं, यापूर्वीची पत्रं जावक क्रमांक आणि तारखेसह दोन, मागणी: अंदाजपत्रक कोणी आणि कधीपर्यंत करायचं ते ठरवून द्यावं. एका विषयाला एकच पान. बैठकीच्या दहा दिवस आधी ते उद्योग केंद्रात आवक शिक्का मारून द्या, म्हणजे विषयपत्रिकेत येतं. ऐन वेळी मांडलेला विषय संबंधित अधिकारी “माहिती घेऊन सांगतो” म्हणून पुढच्या बैठकीवर ढकलतो, आणि तसं म्हणायचा त्याला हक्कही आहे.

बैठकीहून जास्त महत्त्वाचं इतिवृत्त. ते आलं की आपला विषय कोणत्या शब्दांत उतरला आहे ते पाहा. ‘चर्चा झाली’ असं असेल तर लगेच पत्र लिहून निर्णय आणि मुदत नोंदवून घ्या. पुढच्या बैठकीत अनुपालन अहवालापासूनच सुरुवात करायची.

शहरात फेरीवाल्यांचा प्रश्न असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालची नगर पथविक्रेता समिती ही त्याची जागा. त्या समितीत व्यापारी संघटनांनाही प्रतिनिधित्व आहे, पण ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. तेव्हा ‘हटवा’ एवढीच मागणी घेऊन गेलात तर पहिल्याच बैठकीत एकटे पडाल. जागा, वेळ आणि कचरा यांवर बोला.

अडकलेली बिलं

छोट्या कारखानदाराला संघटनेचा सर्वांत लवकर पटणारा उपयोग हा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याने चक्रवाढ होणारं व्याज. शिवाय २०२३-२४ पासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चमध्ये या शेवटच्या तरतुदीची आठवण करून देणारं साधं पत्रही बऱ्याच वेळा काम करतं.

अडचण अशी की नोंदणीच केलेली नसते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार घेणाऱ्यांपासून सभासदांना वाचवणं हाच एक कार्यक्रम होतो. लॅपटॉप, आधारशी जोडलेला मोबाइल आणि पॅन घेऊन वाचनालयात एक दिवस शिबिर लावा. पंचवीस-तीस नोंदण्या होतात. माल देण्याआधी नोंदणी झालेली असावी, नंतरची असली की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला हवा. आणि दुकानदारांना आधीच सांगून ठेवा: व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरती, थकबाकीच्या या संरक्षणासाठी तिचा उपयोग नाही.

पत्राने भागलं नाही तर याच कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज. कायद्यात ९० दिवस म्हटले आहेत, पण जास्त धरून चाला. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. समोरचा तडजोडीला येतो तो बहुतेक इथेच. ग्राहक तुटेल म्हणून सभासद स्वतः पत्र लिहायला घाबरतो. अशा वेळी संघटनेने एकाच कंपनीकडच्या पाच-सहा पुरवठादारांची थकबाकी एका पत्रात घातली तर कोणा एकाचं नाव पुढे येत नाही.

पत्राला वजन येतं ते लेटरहेडने नव्हे, त्यात काय लिहिलं आहे त्याने. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र पाठवलं आणि कंपनीला भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य करावी लागली. त्या पत्राला आधार होता २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा. मानांकन नसतं तर उरली असती ती नुसती नाराजी.

आयटीआयशी नातं

“माणसं मिळत नाहीत” ही तक्रार आणि गावातल्या आयटीआयमधून बाहेर पडलेला, पुण्याला गेलेला मुलगा, या दोन्ही गोष्टी एकाच गावात असतात. सरकारी आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीत उद्योजकांना जागा असते, पण ते बैठकीला जात नाहीत. संघटनेने तिथे वेळ देणारा एक माणूस पाठवावा. त्याने तीन गोष्टी बघाव्यात: कोणत्या ट्रेडच्या जागा रिकाम्या राहतात, कोणती यंत्रं बंद आहेत आणि गावातल्या कारखान्यांना पुढच्या वर्षी किती शिकाऊ मुलं लागतील. शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार भरून देतं. छोटे कारखानदार मागे सरतात ते पोर्टलवरच्या कागदपत्रांमुळे. दहा कारखान्यांचं हे काम संघटनेच्या लिपिकाने केलं तर त्याचा अर्धा पगार तिथेच निघतो.

सामाईक सुविधा केंद्र

हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काम. एकट्याला न परवडणारं यंत्र, जसं की चाचणी प्रयोगशाळा, हीट ट्रीटमेंट, त्रिमितीय मोजमाप यंत्र, शीतगृह किंवा पॅकिंग लाइन, सगळ्यांनी मिळून उभं करायचं. चिंचवडचं ऑटो क्लस्टर आणि वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर ही जवळची उदाहरणं. दोन्ही ठिकाणी एक दिवस घालवून या. यंत्रं तर बघाच, पण दरपत्रक आणि बुकिंगची वही जास्त बारकाईने बघा.

केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेत, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, ५ ते १० कोटींच्या केंद्राला ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या केंद्राला ६० टक्के अनुदान आहे. त्याखालच्या आकारासाठी राज्याची वेगळी योजना आहे. टक्केवारी आणि मर्यादा बदलत राहतात, तेव्हा चालू परिपत्रक जिल्हा उद्योग केंद्रातूनच घ्यावं, सल्लागाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. क्रम असा: समूहाचा पाहणी अहवाल, सभासद-उद्योजकांची विशेष हेतू कंपनी (फक्त हे केंद्र चालवण्यासाठी काढलेली), जमीन, सविस्तर प्रकल्प अहवाल, बँकेचं मूल्यांकन, राज्याची शिफारस, मग मंजुरी. ही कंपनी संघटनेपेक्षा वेगळी असते आणि तिच्यात कोणा एकाकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त भाग नसावेत.

८ कोटींचं केंद्र धरा. ७० टक्के म्हणजे ५.६ कोटी केंद्राकडून. उरलेल्या २.४ कोटींत राज्याचा वाटा काही मिळाला नाही असं समजून ४० कारखान्यांत वाटले तर प्रत्येकी ६ लाख. बैठकीत हा आकडा पहिल्यांदाच सांगा. जे उठून जातील ते आत्ताच गेलेले बरे.

खेळतं भांडवल मात्र अनुदानात नसतं, आणि बरीच केंद्रं तिथेच बसतात. एक नमुना हिशेब: दोन ऑपरेटर, विजेचा स्थिर आकार, देखभाल, विमा मिळून महिन्याला २,८०,००० रुपये स्थिर खर्च आणि यंत्राचा दर तासाला ९०० रुपये. खर्च निघायला महिन्याला ३१२ तास काम हवं. एका पाळीत ८ तासांप्रमाणे २६ दिवसांचे २०८ तासच होतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून दीड पाळीचं काम लागणार. ते आहे का?

हे कळायला सभासदांचा उत्साह उपयोगाचा नाही. प्रत्येकाकडून गेल्या बारा महिन्यांत हेच काम बाहेरून करून घेतल्याची बिलं मागा. चाळीसातले पंधरा जण बिलं देतील. त्या पंधरांच्या तासांवरच यंत्राचा आकार ठरवा. बाकीच्यांचं काम आलं तर तो वरकड.

फसण्याच्या जागा आणखी दोन. एक, जमीन. “माझा प्लॉट घ्या” म्हणणारा सभासद दिलदार असतो, पण जमीन कंपनीच्या नावावर किंवा नोंदणीकृत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आली नाही तर पुढे त्याचा मुलगा कुलूप लावतो. दोन, दोघा मोठ्यांच्या गरजेप्रमाणे घेतलेलं यंत्र. छोट्यांचा जॉब त्यावर बसत नाही, मोठ्यांना पाच वर्षांत स्वतःचं घेणं परवडतं, आणि केंद्राला धूळ खात ठेवायला ते मोकळे होतात.

एवढं मोठं झेपत नसेल तर सामाईक खरेदी करून बघा. २०१० साली औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. तत्त्व तेच, तुम्ही वेल्डिंग रॉड, कोरुगेटेड खोके, एलईडी दिवे किंवा सामूहिक विमा घ्या. सुरुवात एका वस्तूपासून, आगाऊ पैसे घेऊन. उधारीवर केलेली सामाईक खरेदी खजिनदाराच्या अंगावर येते.

पदाधिकारी बदलताना

ज्या दिवशी नवी कार्यकारिणी येते त्या दिवशी हस्तांतराची यादी करून दोन्ही सचिवांनी सही करावी: इतिवृत्ताच्या वह्या, आवक-जावक नोंदवह्या, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं क्रमांकांसह, बँकेचं पासबुक व चेकबुक, मुदत ठेवीच्या पावत्या, मूळ नोंदणी प्रमाणपत्रं, पॅन, शिक्के, चालू प्रकरणांची यादी आणि प्रत्येकाची पुढची तारीख. संघटनेचा ईमेल आणि सगळ्या पोर्टलांना जोडलेला मोबाइल क्रमांकही या यादीत हवा. तो संघटनेच्या नावावरच्या स्वतंत्र सिमचा असावा आणि ते सिम लिपिकाच्या टेबलाच्या खणात असावं. नाहीतर विवरणपत्र भरायच्या शेवटच्या संध्याकाळी ओटीपी जातो माजी सचिवांच्या मोबाइलवर, आणि ते गेलेले असतात पंढरपूरला.